न्यूट्रॉनांचा जमाखर्च : अणुविखंडनाची ओळख

अणुविखंडन म्हणजे जड अणूचे केंद्रक फुटून त्याचे दोन मध्यम आकाराचे तुकडे होणे. या क्रियेत प्रचंड उष्णता बाहेर पडते, किरणोत्सार होतो आणि दोन-तीन सुटे न्यूट्रॉन निघतात. तारापूरच्या अणुवीज केंद्रात पाण्याची वाफ करणारी उष्णता याच क्रियेतून मिळते आणि ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा बेचिराख झाले तेही याच क्रियेने. सुट्या न्यूट्रॉनांचे पुढे काय होते, यावर या दोन्हींमधला फरक ठरतो. किती न्यूट्रॉन जन्माला आले, किती पळाले, किती वाया गेले आणि किती कामी आले, हा जमाखर्च ज्याला समजला त्याला अणुभट्टी, अणुबाँब, किरणोत्सारी कचरा, थोरियमची आशा आणि अपघाताची भीती या सगळ्यांकडे डोळसपणे पाहता येते. हे पुस्तक त्यासाठी आहे.

युरेनियमच्या केंद्रकात ९२ प्रोटॉन असतात. सारखा विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. त्यांना एकत्र धरून ठेवणारे केंद्रकीय बल फार जबर असते, पण त्याचा पल्ला तोकडा असतो. शेजारच्या कणापलीकडे ते फारसे पोहोचत नाही. लहान केंद्रकात हे बल सहज वरचढ ठरते. केंद्रक जसे मोठे होत जाते तशी प्रोटॉनांची आपसांतली ढकलाढकल वाढत जाते आणि युरेनियमपाशी येईतो दोन्ही बाजू जवळजवळ तुल्यबळ होतात. अशा काठावर उभ्या असलेल्या केंद्रकात एक न्यूट्रॉन शिरला तर ते थरथरू लागते, लांबट होते, मध्ये आवळले जाते आणि तुटते. तुटताच दोन्ही तुकडे एकमेकांना जोराने दूर भिरकावतात. विखंडनाच्या उष्णतेचा मोठा भाग या तुकड्यांच्या वेगातून येतो.

प्रत्येक युरेनियम असे फुटत नाही. खाणीतून निघणाऱ्या युरेनियमच्या दर हजार अणूंत सुमारे सात अणू युरेनियम-२३५ या समस्थानिकाचे असतात. बाकीचे जवळपास सगळे युरेनियम-२३८ चे. न्यूट्रॉन पोटात घेतल्यावर २३५ च्या केंद्रकाला सुमारे ६.५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा मिळते आणि फुटण्यासाठी लागते ६ च्या आसपास. म्हणजे अगदी संथ न्यूट्रॉनही त्याला पुरतो. २३८ ला मात्र त्याच व्यवहारात सुमारे ४.८ च मिळतात, म्हणून त्याला फोडायला वेगवान न्यूट्रॉन लागतो. अणुतंत्रज्ञानातल्या बहुतेक खटपटी, मग ते युरेनियमचे समृद्धीकरण असो, जड पाणी असो की प्लुटोनियम, या एका फरकातून उद्भवल्या आहेत.

ऊर्जा येते कुठून, हे एका उदाहरणावरून मांडता येते. युरेनियम-२३५ ने एक न्यूट्रॉन घेतला आणि त्याचे बेरियम-१४१, क्रिप्टॉन-९२ आणि तीन सुटे न्यूट्रॉन झाले, असे समजू. आधीचे एकूण वस्तुमान २३६.०५२६ अणुभार एकके होते. नंतरचे भरते सुमारे २३५.८६६६. फरक ०.१८६ एककांचा. आइन्स्टाइनच्या सूत्राप्रमाणे एका एककाचे ९३१.५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट होतात, म्हणून या तुटीतून सुमारे १७३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळतात. पुढे किरणोत्सारी तुकड्यांच्या क्षयातून आणि इतर मार्गांनी मिळणारी ऊर्जा धरली की एका विखंडनाची सरासरी २०० च्या घरात जाते. कोळशातला कार्बनचा एक अणू जळताना सुमारे ४ इलेक्ट्रॉनव्होल्ट देतो. दोन्हींत पाच कोटी पटींचे अंतर आहे.

या अंतराचा अर्थ गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला उभे राहून चांगला समजतो. तिथल्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत, एकूण क्षमता ३,३०० मेगावॅट. सगळे संच पूर्ण क्षमतेने चालले तर ढोबळ हिशेबाने रोज ४० ते ५० हजार टन कोळसा लागतो. मालगाड्यांच्या रांगा, कोळशाचे ढीग आणि राखेचे तलाव हे सगळे त्या आकड्यात आले. तेवढीच वीज जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून काढायची तर दिवसाला दीड टनाच्या आसपास नैसर्गिक युरेनियम लागेल आणि त्यातही प्रत्यक्ष विखंडन होईल ते दहा-बारा किलोंचे. इंधनाच्या बाजूने हा फायदा अफाट आहे. मात्र ती राख आणि हे वापरलेले इंधन यांची जात वेगळी आहे. राखेचे आकारमान मोठे आणि धोका सौम्य. वापरलेल्या इंधनाचे आकारमान लहान आणि किरणोत्सार तीव्र, त्यातला काही हजारो वर्षे टिकणारा. दोन इंधनांची तुलना करताना या दोन्ही बाजू एकत्र मांडाव्या लागतात.

आता जमाखर्चाकडे वळू. युरेनियम-२३५ च्या एका विखंडनातून सरासरी २.४ न्यूट्रॉन निघतात. त्यांतल्या नेमक्या एकाने पुढचे विखंडन घडवले तर साखळी प्रक्रिया एकाच पातळीवर चालू राहते. एकापेक्षा कमी उरले तर ती विझते, जास्त उरले तर भडकते. जन्मतः न्यूट्रॉनाचा वेग सेकंदाला सुमारे २० हजार किलोमीटर असतो आणि इतक्या वेगात तो युरेनियम-२३५ च्या हाती फारसा लागत नाही. वेग सेकंदाला दोन-सव्वादोन किलोमीटरवर आला की विखंडनाची शक्यता शेकडो पटींनी वाढते. वेग कमी करण्यासाठी हलक्या अणूंचा मंदायक वापरतात. साध्या पाण्यातल्या हायड्रोजनशी साधारण १८ टकरा झाल्या की न्यूट्रॉन संथ होतो. जड पाण्यातल्या ड्यूटेरियमशी, म्हणजे जड हायड्रोजनशी, सुमारे २५ आणि ग्राफाइटमधल्या कार्बनशी सुमारे ११५ टकरा लागतात. साधे पाणी या कामात सर्वांत चपळ, पण ते काही न्यूट्रॉन स्वतःच गिळते. जड पाणी जवळजवळ काहीच गिळत नाही. उरलेला वाढावा टिपून घेण्यासाठी बोरॉन किंवा कॅडमियमच्या नियंत्रक कांड्या असतात.

एवढ्यावर मात्र अणुभट्टी चालवता आली नसती. संथ न्यूट्रॉनांच्या भट्टीत एका पिढीतून दुसरी पिढी निघायला सेकंदाचा हजारावा भाग लागतो, असे धरू. दर पिढीला न्यूट्रॉनांत हजारात एकाची भर पडली, तर दहा सेकंदांत शक्ती २० हजार पटींच्या वर जाईल. कुठलाही चालक किंवा यंत्र तिला आवरू शकणार नाही. निसर्गाने इथे एक सोय ठेवली आहे. दर हजार न्यूट्रॉनांतले साडेसहाच्या आसपास न्यूट्रॉन विखंडनाच्या क्षणी निघत नाहीत. ते किरणोत्सारी तुकड्यांतून काही सेकंदांनी, तर काही मिनिटभराने बाहेर पडतात. अणुभट्टीची रचना अशी करतात की या उशिरा येणाऱ्या न्यूट्रॉनांवाचून साखळी पुरी होऊच नये. मग तेवढ्याच वाढाव्याने शक्ती दुप्पट व्हायला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागतो आणि कांड्या खाली सोडायला अवसर मिळतो. अणुवीज शक्य झाली ती या मूठभर न्यूट्रॉनांमुळे.

हे ज्ञान जमायला थोडी वर्षे लागली, पण ती वर्षे वादळी होती. १९३२ मध्ये जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. १९३४ मध्ये रोममध्ये एन्रिको फर्मी यांनी युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केला आणि युरेनियमपेक्षा जड मूलद्रव्ये मिळाली, असा अर्थ लावला. केंद्रक फुटलेही असेल, ही शक्यता इडा नोडॅक यांनी त्याच वर्षी मांडली, पण तिच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनमध्ये ऑटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमन यांना माऱ्यानंतरच्या युरेनियममध्ये बेरियम सापडले. त्यांची दीर्घकाळची सहकारी लीझ माइटनर हिला ज्यू म्हणून त्याच वर्षी जर्मनी सोडावी लागली होती. स्वीडनमध्ये नाताळच्या सुटीत तिने आणि तिचा भाचा ऑटो फ्रिश याने हानच्या निष्कर्षाचा उलगडा केला : केंद्रक पाण्याच्या थेंबासारखे ताणून तुटते आणि सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा देते. पुढे रसायनशास्त्राचे नोबेल एकट्या हान यांना मिळाले. विज्ञानाच्या इतिहासातला हा अन्याय आजही सलतो.

१९३९ मध्ये पॅरिसमध्ये जोलिओ-क्यूरी यांच्या गटाने विखंडनातून एकाहून अधिक न्यूट्रॉन निघतात हे दाखवले आणि नील्स बोर व जॉन व्हीलर यांनी थेंबाच्या प्रतिमानाला गणिती रूप दिले. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत फर्मी यांच्या देखरेखीखाली मानवनिर्मित साखळी प्रक्रिया पहिल्यांदा स्वबळावर चालली. निसर्गाने मात्र हे फार आधी करून ठेवले होते. आफ्रिकेतल्या गॅबन देशात ओक्लो येथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या खडकात झिरपलेल्या पाण्याच्या मदतीने विखंडन चालू होते, हे १९७२ मध्ये उघड झाले. त्या काळी नैसर्गिक युरेनियमात २३५ चे प्रमाण तीन टक्क्यांहून अधिक होते, म्हणून साध्या पाण्यावर भागले. २३५ चा क्षय २३८ पेक्षा लवकर होतो, त्यामुळे आज तसे घडू शकत नाही.

विखंडनाच्या अभ्यासात आणि वापरात वेगवेगळे संप्रदाय आहेत. सिद्धान्ताच्या बाजूला थेंबाचे प्रतिमान हा पहिला. त्याने ऊर्जेचा उलगडा झाला, पण तुकडे बहुधा असमान का होतात, एक ९५ अणुभाराच्या आसपासचा तर दुसरा १४० च्या आसपासचा का, हे त्याला सांगता आले नाही. १९६० च्या दशकात स्त्रुतिन्स्की यांनी केंद्रकातल्या कवचरचनेचा परिणाम थेंबाच्या प्रतिमानात मिळवला आणि दुसरा संप्रदाय उभा राहिला. तुर्भ्याला राजा रामण्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अप्सरा’ अणुभट्टीतले न्यूट्रॉन वापरून विखंडनाच्या भौतिकीवर काम केले. हा भारतीयांचा या क्षेत्रातला वाटा आहे.

अभियांत्रिकीतले संप्रदाय मंदायकावरून पडतात. साधे पाणी वापरायचे तर ते न्यूट्रॉन गिळते, म्हणून इंधनात २३५ चे प्रमाण तीन ते पाच टक्क्यांपर्यंत वाढवावे लागते. जगातल्या बहुसंख्य अणुभट्ट्या या वाटेने गेल्या. जड पाणी वापरले तर नैसर्गिक युरेनियम जसेच्या तसे चालते, पण सात हजारांत एखादा असलेला ड्यूटेरियमचा अणू वेगळा काढण्याचा खर्च सोसावा लागतो. ग्राफाइटचा मार्ग ब्रिटन आणि सोव्हिएत संघाने चोखाळला. वेगवान न्यूट्रॉनांच्या प्रजनक भट्टीत मंदायकच नसतो. युरेनियम-२३८ ने टिपलेल्या न्यूट्रॉनातून तिथे प्लुटोनियम तयार होते आणि जळते त्याहून जास्त इंधन हाती येऊ शकते.

यांतले दोन मुख्य संप्रदाय महाराष्ट्राच्या एकाच किनाऱ्यावर शेजारी शेजारी आहेत. तारापूरचे पहिले दोन संच अमेरिकी बनावटीचे, साध्या उकळत्या पाण्याचे आणि समृद्ध युरेनियमवर चालणारे. ते १९६९ मध्ये सुरू झाले आणि देशातले पहिले अणुवीज केंद्र तिथे उभे राहिले. तिसरा आणि चौथा संच ५४० मेगावॅटचे, जड पाण्याचे, देशात घडवलेले. ते २००५-०६ मध्ये वीज देऊ लागले. पहिल्या दोन संचांचे इंधन बाहेरून आणावे लागते. १९७४ च्या पोखरण अणुचाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला तेव्हा परावलंबनाची किंमत काय असते ते कळले. जड पाण्याच्या वाटेवर भारत ठाम राहिला, त्याला या अनुभवाने बळ दिले. रायगड जिल्ह्यातला थळचा जड पाण्याचा कारखाना त्या धोरणाचा एक भाग आहे.

धोरणाचे मूळ होमी भाभा यांच्या तीन टप्प्यांच्या आराखड्यात आहे. देशात युरेनियम बेताचे, थोरियम भरपूर. थोरियम स्वतः संथ न्यूट्रॉनाने फुटत नाही; न्यूट्रॉन घेऊन त्याचे युरेनियम-२३३ व्हावे लागते. त्यासाठी आधी जड पाण्याच्या भट्ट्यांत नैसर्गिक युरेनियम वापरून प्लुटोनियम मिळवायचे, मग त्यावर प्रजनक भट्ट्या चालवायच्या आणि शेवटी थोरियमकडे वळायचे, असा हा क्रम आहे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला अप्सरा सुरू झाली. पुढे १९६० मध्ये सायरस, १९७२ मध्ये प्लुटोनियमवरची पूर्णिमा आणि १९८५ मध्ये १०० मेगावॅटची ध्रुव आली. ध्रुवच्या आराखड्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते अनिल काकोडकर पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. पोखरणच्या स्फोटासाठी लागलेले प्लुटोनियम सायरसमधून आले होते. वीज आणि शस्त्र यांचे हे नाते नाकारून विखंडनाचा इतिहास सांगता येत नाही.

अपघातांचा इतिहासही सांगावा लागतो. १९७९ चा थ्री माइल आयलंड, १९८६ चा चेर्नोबिल आणि २०११ चा फुकुशिमा हे तीन अपघात तीन वेगळे धडे देतात. इथे त्यांतले शेवटचे दोन पाहू. चेर्नोबिलमध्ये न्यूट्रॉनांचा जमाखर्चच हाताबाहेर गेला. त्या रचनेत पाण्याची वाफ झाली की शक्ती घटण्याऐवजी वाढत असे. फुकुशिमात साखळी प्रक्रिया भूकंप होताच बंद पडली होती. पण विखंडनाचे तुकडे किरणोत्सारी असतात आणि भट्टी बंद केल्यावरही ते तापत राहतात. बंद केल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते, दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्या आसपास उरते. त्सुनामीने वीज आणि पंप निकामी केले आणि ही उरलेली उष्णता काढता आली नाही. भट्टी बंद करणे आणि ती थंड ठेवणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, हे ज्याने ओळखले तो सुरक्षेविषयी योग्य प्रश्न विचारू शकतो.

विखंडनाचा लाभ विजेपुरता नाही. अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांनी कोबाल्ट-६० तयार होते आणि कर्करोगाच्या किरणोपचारात वापरले जाते. थायरॉइडच्या उपचारातले आयोडीन-१३१ हा विखंडनातूनही मिळणारा समस्थानिक आहे. किरणांनी बियाण्यात बदल घडवून भाभा अणुसंशोधन केंद्राने पिकांचे वाण काढले; अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या साथीने आलेला टीएयू-१ हा उडीद विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे.

हा विषय आजच समजून घेण्याला कारण आहे. २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज हे उद्दिष्ट २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाले. तेव्हा देशाची क्षमता आठ हजार मेगावॅटच्या थोडी वर होती. गुजरातमधल्या काक्रापारला ७०० मेगावॅटचे स्वदेशी संच सुरू झाले आहेत, कल्पाक्कमच्या प्रजनक भट्टीचा गाभा भरण्यास २०२४ मध्ये प्रारंभ झाला आणि लहान आकाराच्या भट्ट्यांची चर्चा सगळीकडे आहे. दुसरीकडे रत्नागिरीतल्या जैतापूरच्या सुमारे १० हजार मेगावॅटच्या प्रस्तावित प्रकल्पाला मच्छीमार आणि बागायतदारांनी वर्षानुवर्षे विरोध केला. गोंदियाला समुद्र नाही आणि अणुवीज केंद्रही नाही, तरी जिल्हा या विषयापासून लांब नाही. पूर्वेला सीमेपलीकडे राजनांदगाव भागात बोदल येथे युरेनियमयुक्त खडकाचा शोध लागला आहे आणि उत्तरेला मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यात चुटका येथे अणुवीज प्रकल्प योजला आहे. कोळशाची वीज जिथे तयार होते, त्या जिल्ह्यातल्या माणसांना कोळशानंतर काय, हा प्रश्न इतरांच्या आधी भिडतो.

या पुस्तकासमोर गोंदिया, तिरोडा, आमगाव, अर्जुनी मोरगाव इथला दहावी-बारावीचा विद्यार्थी, त्याला शिकवणारे शिक्षक आणि वर्तमानपत्रात अणुकराराची बातमी वाचणारा नागरिक आहे. मराठीत या विषयाची परंपरा आहे. विश्वकोशाने आणि मराठी विज्ञान परिषदेने परिभाषा रुजवली. तिचा आधार घेत, जिथे इंग्रजी शब्दच सर्वांच्या तोंडी आहे तिथे तो ठेवून, पुस्तक केंद्रकापासून सुरू होते, न्यूट्रॉनांच्या व्यवहारावरून अणुभट्टीत शिरते आणि इंधनाची खाण ते कचऱ्याची विल्हेवाट असा पूर्ण फेरा घेते. गणित बेरीज-वजाबाकी आणि गुणाकाराच्या पुढे फारसे जात नाही, पण टाळलेलेही नाही. वर दिलेल्या बेरियम-क्रिप्टॉनच्या आकडेमोडीसारखी उदाहरणे वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन स्वतः सोडवावीत, अशी अपेक्षा आहे.

अणुवीज हवी की नको, याचा निकाल पुस्तक देत नाही. तो निकाल खर्च, पाणी, जमीन, विश्वास आणि पर्याय यांवर अवलंबून असतो आणि तो लोकांनीच द्यायचा असतो. परंतु विखंडनाची क्रिया कशी चालते, ती कशामुळे आवरते, कशामुळे सुटते आणि मागे काय ठेवते, याबाबत मतभेदाला जागा थोडी आहे. तेवढी खात्रीची जमीन वाचकाच्या पायाखाली असावी, म्हणजे समर्थक आणि विरोधक या दोघांचेही दावे त्याला स्वतः तपासता येतील. न्यूट्रॉनांचा हिशेब मांडता येणारा नागरिक घाबरवलाही जात नाही आणि भुलवलाही जात नाही. असे नागरिक प्रत्येक तालुक्यात असावेत, ही या पुस्तकामागची तळमळ आहे.